न कळवता दिलेली भेट

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे कार्यकर्ते, खात्यातले माझे जुने सहकारी आणि इथं जमलेले शिक्षक, पालक, सर्वांना नमस्कार.

दापोली तालुक्यातल्या चिखलगावाचं नाव घेतलं की लोकमान्यांचं मूळ गाव म्हणून लगेच ओळख पटते. आज मी लोकमान्यांबद्दल बोलणार नाही. मी त्यांच्या वडिलांपासून सुरुवात करणार आहे, कारण ते माझ्या खात्यातले होते.

गंगाधर रामचंद्र टिळक हे मराठी शाळेतले शिक्षक. घरच्या अडचणींमुळे स्वतःचं शिक्षण अर्धवट सोडून त्यांनी नोकरी धरली. रत्नागिरीत ते शिकवत होते, तिथंच १८५६ साली बाळचा जन्म झाला. गणित आणि संस्कृत हे त्यांचे हातखंडा विषय. त्रिकोणमितीवर आणि व्याकरणावर त्यांनी पुस्तकं लिहिली. मुलानं श्लोक पाठ केला की ते त्याला एक पै देत, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. त्यानंतर त्यांच्या नोकरीचं काय झालं हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. १८६६ साली त्यांना असिस्टंट डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर म्हणून बढती मिळाली, टिळकांचं बिऱ्हाड पुण्याला गेलं, आणि १८७२ साली गंगाधरपंत वारले, तेव्हा मुलगा सोळा वर्षांचा होता. म्हणजे मास्तरकीतून तपासणीच्या हुद्द्यावर आलेला एक कोकणी माणूस. आजच्या भाषेत सांगायचं तर विस्तार अधिकारी. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले, केंद्रप्रमुख झाले, विस्तार अधिकारी झाले आणि गटशिक्षणाधिकारी म्हणून निवृत्त झाले. या वाटेवर माझ्या शंभर-सव्वाशे वर्षं आधी कोण चालून गेलं, याचं मला नेहमी कुतूहल वाटत आलं.

हे खातं तेव्हा अगदी नवं होतं. शिक्षणाचं धोरण ठरवणाऱ्या १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५५ साली मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षणखातं उभं राहिलं. वर युरोपियन इन्स्पेक्टर, त्याच्या हाताखाली डेप्युटी, त्यांच्या हाताखाली असिस्टंट डेप्युटी. गावात या सगळ्यांना मिळून एकच नाव होतं, दिपोटी. त्याच्याही आधी देवगडजवळच्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर शाळा तपासनीस होते. त्यांना आपण पत्रकार म्हणून ओळखतो, ६ जानेवारी आली की त्यांच्या तसबिरीला हार घालतो. पण शिक्षक घडवणाऱ्या नॉर्मल स्कूलची जबाबदारीही १८४५ साली त्यांच्यावरच होती. शाळा तपासायच्या आणि शिक्षक तयार करायचे, ही दोन कामं एकाच माणसाच्या हातात होती, हे मला फार मोलाचं वाटतं. पुढे आपण ती तोडली. तपासणारा एका खोलीत बसला आणि प्रशिक्षण देणारा दुसऱ्या.

दिपोटीच्या हातात किती होतं याची कल्पना आज येणार नाही. मुलांची परीक्षा तो घ्यायचा. मास्तरांच्या शाळेबद्दल वर काय कळायचं ते त्याच्या शेऱ्यातून. परीक्षा घेणाऱ्याचं एक वाक्य पोराचं वर्ष खाऊ शकायचं, याचं उदाहरण आपल्याच किनाऱ्यावरचं आहे. मुरूडचे धोंडो केशव कर्वे, पुढे महर्षी झाले ते, सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्याला पायी गेले. पावसाधुक्यात सह्याद्री ओलांडून शंभरावर मैल. परीक्षेला बसायला सतरा वर्षं पूर्ण हवीत असा नियम होता. कर्व्यांची ती पूर्ण झालेली होती, पण अंगानं ते किरकोळ. समितीच्या अध्यक्षांनी पाहिलं, हा काही सतराचा दिसत नाही म्हणाले आणि परत पाठवलं. पुढल्या वर्षी कोल्हापूरला जाऊन ते ती परीक्षा पास झाले. कर्वे चिवट होते म्हणून हे घडलं. त्या वर्षी अशीच परत पाठवलेली आणखी पोरं असतील, ती पुन्हा गेली असतील का? अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसल्यावर हा प्रश्न मी रोज स्वतःला विचारायचे. वयाचा दाखला, जन्मतारखेतली चूक, आधारवरचं नाव आणि रजिस्टरातलं नाव जुळत नाही म्हणून अडलेली शिष्यवृत्ती, असं कुठलंही प्रकरण टेबलावर आलं की मला घाटात चालणारा तो किरकोळ मुलगा दिसायचा, आणि मी माणसाला परत पाठवण्याआधी कागद पुन्हा वाचायचे.

आता ज्या माणसाच्या शब्दासाठी मी आज इथं उभी आहे त्याच्याकडे येते. १८८२ साली शिक्षणाची पाहणी करायला सरकारचा हंटर आयोग आला. १९ ऑक्टोबर १८८२ ला जोतीराव फुल्यांनी पुण्यातून त्या आयोगापुढे आपलं निवेदन ठेवलं. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा, ही त्यातली मागणी सगळ्यांना ठाऊक आहे. शिक्षकांना निदान बारा रुपये पगार द्या, हेही काहींना ठाऊक असेल. पण त्याच निवेदनात तपासणीवर एक परिच्छेद आहे, आणि माझ्या मते खात्यात लागणाऱ्या प्रत्येकाला तो पहिल्या दिवशी वाचायला द्यावा. जोतीराव म्हणतात, प्राथमिक शाळांवरची देखरेख सदोष आणि अपुरी आहे. डेप्युटीनं वर्षातून एकदा येऊन जाण्याचा म्हणावा असा काही फायदा नाही. निदान तीन महिन्यांतून एकदा तरी शाळा पाहिली पाहिजे, आणि अधूनमधून न कळवता गेलं पाहिजे. गावकामगारांवर किंवा इतर अंमलदारांवर हे काम सोपवू नका, कारण त्यांच्यामागे हजार कामं असतात, ते क्वचितच जातात आणि गेले तरी वरवर पाहतात.

जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीच्या या ओळी आहेत, आणि आजच्या परिपत्रकात जशाच्या तशा घालता येतील. न कळवता जा. नेहमी जा. तुमचं मुख्य काम तेच असू द्या.

मधला इतिहास थोडक्यात सांगते. १९२१ ते १९२३ या काळात मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री होते रँग्लर र. पु. परांजपे, तेही आपल्या मुर्डीचे. १९२३ च्या कायद्यानं प्राथमिक शाळा लोकल बोर्डांकडे गेल्या. पुढे १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या आणि गावची मराठी शाळा जिल्हा परिषदेची झाली. १९८१ साली रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. नव्वदच्या दशकात केंद्रप्रमुख आले, साधारण दहा शाळांमागे एक. हुद्द्यांची नावं बदलत गेली. केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, वर जिल्ह्याला शिक्षणाधिकारी. शाळेत मुलं मात्र या सगळ्यांना एकाच नावानं ओळखतात, साहेब. बाई असली तरी साहेबच. मी एका वर्गात शिरले तेव्हा एका पोरानं उभं राहून ‘साहेब आले’ म्हणून आरोळी ठोकली, शेजारचीनं त्याला कोपर मारलं, ‘साहेब नाय, बाई हायेत’, आणि मला फार बरं वाटलं, कारण मी मुळात बाईच होते. शाळेतली बाई.

भेट कशी करायची, यावर आता जरा सविस्तर बोलते. हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे.

बहुतेक अधिकारी शाळेत गेले की आधी मुख्याध्यापकांच्या खुर्चीवर बसतात. चहा येतो. मग कीर्द, जडसंग्रह नोंदवही, टाचणवह्या, पोषण आहाराची नोंदवही असं सगळं टेबलावर येतं. सह्या होतात. दुपार होते. वर्गात डोकावून दोन मुलांना पाढे विचारले की भेट संपते. मी उलट्या बाजूनं सुरू करायचे. परिपाठाच्या आधी पोचायचं, हे पहिलं. आमच्याकडे वाड्या एकमेकींपासून लांब असतात, मध्ये सडा म्हणजे कातळाचं पठार, मध्ये पऱ्या म्हणजे ओढा, चढायला पाखाडी म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट. परिपाठ सुरू असताना कोण उशिरा येतं ते पाहिलं की कुठल्या वाडीचा रस्ता खराब आहे हे कुणाला न विचारता कळतं. जुलै महिन्यात ज्या मुलांचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले असतात, ती रोज पऱ्या ओलांडून येतात. त्यांची नावं मी लिहून घ्यायचे.

मग पहिली-दुसरीच्या वर्गात जमिनीवर बसायचं. खुर्ची नको. खुर्चीतला माणूस मुलाला उंचावर दिसतो आणि मुलाचा आवाज आत जातो.

एकदा किनाऱ्यावरच्या एका शाळेत, सगळी वस्ती मच्छीमारांची, दुसरीतल्या एका मुलीला मी वाचायला सांगितलं. तिनं पुस्तक उघडलं आणि घडाघडा वाचलं. बाईंच्या चेहऱ्यावर समाधान होतं. मी तिचं बोट पाहत होते. बोट एका ओळीवर होतं आणि आवाज पुढच्या ओळीवर. मी पुस्तक हळूच मिटलं, ती बोलतच राहिली. अख्खं पान तिला तोंडपाठ होतं. मी तिला काही म्हटलं नाही. पाठ करणं हीसुद्धा मेहनतच असते. माझ्या पिशवीत सकाळी स्टँडवर घेतलेलं वर्तमानपत्र होतं, ते जमिनीवर पसरलं आणि एका मथळ्यावर बोट ठेवलं. शब्द होता ‘मच्छीमार’. ती थांबली. ‘म’ आलं. ‘च्छी’ येईना. जोडाक्षर तिच्या वाट्याला अजून आलेलं नव्हतं. मग तिनं शेवटाकडून धरलं. ‘मार’. पुन्हा मागे गेली. ‘म... मार’. आणि एकदम मान वर करून म्हणाली, ‘मच्छीमार! आमचे पप्पा!’

वाचन म्हणतात ते हे. अक्षर आणि अर्थ यांची गाठ त्या क्षणी तिच्या डोक्यात पडली, आणि ती पडताना मी आणि तिच्या बाई दोघींनी पाहिली. त्या बाई हुशार होत्या. त्यांनी मला पुढे काही सांगायला लावलं नाही. पुढच्या खेपेला गेले तेव्हा वर्गात पोरंच नव्हती. किनाऱ्यावर सापडली. ओढून ठेवलेल्या होड्यांवर रंगानं लिहिलेली नावं वाचत होती. जय हनुमान, आई एकवीरा, दर्यासागर. ‘र्या’ कसा लिहायचा यावर दोन मुलांचं कडाक्याचं भांडण चाललेलं. त्या दिवशी शेरेबुकात मी बराच लांब शेरा लिहिला, आणि तो आजही त्या शाळेत असेल.

शेरा हा दुसरा मुद्दा. ‘शाळेस भेट दिली. प्रगती समाधानकारक. सूचना दिल्या.’ असे शेरे मी हजारोंनी वाचले आहेत, आणि त्यातून शाळेबद्दल काहीही कळत नाही. कुठल्या मुलाला काय येत नाही, बाईंनी काय करून पाहिलं, पुढल्या भेटीत मी काय पाहणार आहे, हे लिहिलं तर तो शेरा. मुलांच्या नावानिशी लिहावा. पुढच्या भेटीला आधी मागचा शेरा उघडावा आणि त्याच मुलाला जवळ बोलवावं. जोतीराव तीन महिन्यांची भेट मागत होते ती यासाठीच. वर्षातून एकदा येणाऱ्याला ते मूल पुढच्या वर्गात गेलेलं दिसतं आणि अडलेलं अक्षर तसंच राहतं.

तिसरी गोष्ट हजेरीपत्रक. मी ते आडवं वाचायचे, महिन्यामागून महिना. आपल्याकडे भातलावणीच्या दिवसांत मोठ्या मुली गैरहजर दिसतात, कारण घरी धाकट्यांना कुणीतरी सांभाळायचं असतं. गणपती, शिमगा हे तर गावाचेच दिवस. एप्रिलमध्ये काजू-आंब्याचं काम. हे सगळे खाडे समजण्यासारखे. मला काळजी वाटायची ती सरळ रेघ मारलेल्या नावांची, शेजारी लिहिलेलं ‘पालक मुंबईस’. पालक मुंबईस म्हणजे कुठे? विरारला, नालासोपाऱ्याला, दिव्याला? दाखला नेला का? तिकडच्या शाळेत नाव पडलं का? कोकणातली निम्मी घरं दोन पायांवर उभी आहेत, एक पाय गावात आणि एक मुंबईत, आणि मूल नेमकं मधल्या फटीत पडतं. मी माझ्या केंद्रप्रमुखांना सांगून ठेवलेलं होतं की असं नाव दिसलं की त्या घरच्या आजीकडे जायचं, फोन नंबर घ्यायचा आणि मूल ज्या शाळेत बसलंय तिथल्या मुख्याध्यापकांशी बोलल्याशिवाय रेघ मारायची नाही. हे काम कुठल्याही तक्त्यात येत नाही. पण ते केल्यानं पोरं सापडत.

आता कमी पटाच्या शाळा. इथं बसलेल्या प्रत्येकाच्या मनात हा विषय आहे हे मला माहीत आहे.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत, प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, असं त्यानं आणि त्याच्या नियमांनी सांगितलं. २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या शेकडो शाळा बंद करण्याचा निर्णय राज्यात झाला. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार पुढे आला. या निकषांत आपल्या किनारपट्टीच्या तालुक्यांतल्या किती शाळा बसतात ते इथल्या शिक्षकांना सांगायला नको. वाड्या रिकाम्या होत आहेत. घरांना कुलपं आहेत, गणपतीत उघडतात. पट वाढवायला मुलं आणायची कुठून, हा प्रश्न खरा आहे आणि तो शिक्षकाच्या हातातला नाही.

तरीही मी एक गोष्ट ठामपणे सांगेन. शाळा बंद करायचा प्रस्ताव ज्या अधिकाऱ्याच्या सहीनं वर जातो, त्यानं त्या मुलांबरोबर ती वाट एकदा चालली पाहिजे. आणि मे महिन्यात नाही, जुलैमध्ये. माझ्याकडे असाच एक प्रस्ताव आला होता. नकाशावर दोन शाळांमधलं अंतर एक किलोमीटरच्या आत भरत होतं. मी भर पावसात त्या वाडीवर गेले आणि सकाळी पोरांबरोबर निघाले. सगळ्यात धाकटा मुलगा पहिलीतला, त्याचं दप्तर त्याच्या बहिणीच्या पाठीवर. उतारावर जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ. खाली पऱ्या, त्यावर साकव होता, पण त्याच्या एका बाजूचा कठडा मागच्या पावसात गेलेला. पाणी साकवाच्या तळाला लागलेलं. बहीण म्हणाली, ‘बाय, जोराचा लागला की आम्ही पलीकडंच राहतो. मामाकडं.’ नकाशात मामाचं घर नसतं. मी अहवालात अंतर लिहिलं नाही, वाट लिहिली. कुठे चढ, कुठे पाणी, किती वेळ लागतो, कोण सोबत असतं. ती शाळा तेव्हा राहिली. पुढे काही वर्षांनी त्या वाडीतली शेवटची दोन कुटुंबं नोकरीसाठी मुंबईला गेली आणि शाळा मिटली. ते मी समजू शकते. मुलं असताना कागदावरच्या अंतरानं शाळा मिटणं मी कधीही समजू शकणार नाही.

शिक्षकांचंही तसंच. आपल्या जिल्ह्यांत अनेक वर्षं घाटावरून, मराठवाड्यातून तरुण शिक्षक आले, जीव लावून शिकवलं आणि आंतरजिल्हा बदलीनं आपापल्या गावी गेले. त्यांचं काही चुकलं नाही. म्हातारे आईवडील तिकडे, हे इकडे एकटे, कोण राहील? पण शाळेच्या बाजूनं पाहिलं तर चार वर्गांची शाळा एका शिक्षकावर आली, आणि त्या एकालाही प्रशिक्षणाला, बैठकीला, निवडणुकीच्या कामाला बोलावलं जातं. स्थानिक मुलामुलींना आपल्याच जिल्ह्यात शिक्षक म्हणून नेमा, अशी मागणी इथली डीएड झालेली मुलं करत आली आहेत. मला ती रास्त वाटते. वाडीची बोली कळणारी, शिमग्यात गावातच असणारी बाई पहिलीच्या वर्गात असली की मुलाचं शाळेतलं पहिलं वर्ष सोपं जातं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. इथं बसलेल्यांना त्याचं वर्णन सांगायची गरज नाही. दापोली-मंडणगडच्या पट्ट्यात किती शाळांची कौलं आणि पत्रे उडाले ते आपण पाहिलं आहे. आधीच टाळेबंदी, वर हे. वादळानंतर शाळांची पाहणी झाली ती नुकसानीचा आकडा काढायला. माझी स्वतःची ओढ एका लोखंडी कपाटाकडे होती. जुन्या शाळांत जनरल रजिस्टरं, म्हणजे दाखल झालेल्या मुलांच्या नोंदवह्या असतात, काही शंभर वर्षांहून जुनी. सगळ्यात जुन्या पानांवर मोडीत नोंदी. एका शाळेत छप्पर गेलेल्या खोलीतलं कपाट उघडलं तर आतली रजिस्टरं ओलीचिंब, पानं एकमेकांना चिकटलेली. शाळेच्या बाई, शिपाईकाका आणि गावातल्या दोन बाया, आम्ही पडवीत चादरी पसरल्या. एकेक पान हलक्या हातानं सुटं केलं, मध्ये कोरे कागद घातले, वर जात्याची तळी ठेवली. शाई फुटली होती, पण बोरूनं लिहिलेली जुनी नावं टिकली होती. नंतरची शाईपेनची नावं पुसट झाली. उन्हात ठेवायचं नाही, वाऱ्याला ठेवायचं, हे त्या बायांना माहीत होतं. घरात आंबापोळी वाळवण्यात त्यांचा जन्म गेलेला.

त्या रजिस्टरांचं मोल किती ते तीन वर्षांनी सगळ्या महाराष्ट्राला कळलं. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं तेव्हा सरकारी यंत्रणा याच शाळांच्या जुन्या रजिस्टरांपाशी आली. मोडी वाचणारे शोधावे लागले. तसंही रोजच्या कामात पाहा. जातीचा दाखला, पासपोर्ट, वारस नोंद, मुंबईहून माणूस येतो आणि म्हणतो, ‘बाय, माझ्या आजोबाचं नाव तुमच्या शाळेत हाय काय बघा.’ आजोबांना जमिनीचा तुकडा नव्हता, सातबारावर नाव नव्हतं. पण पोरवयात दोन वर्षं शाळेत बसले, तेवढ्याच त्या एका ओळीत सरकारदरबारी त्यांचं अस्तित्व शिल्लक आहे. म्हणून शाळा बंद करताना रजिस्टर कुठे गेलं हा प्रश्न मी इमारतीच्या आधी विचारते, आणि तुम्हीही विचारा.

आजच्या अधिकाऱ्यांबद्दल मला सहानुभूती आहे. पदं रिकामी, एका केंद्रप्रमुखाकडे दोन-दोन केंद्रं, गटशिक्षणाधिकारी बऱ्याचदा प्रभारी. सकाळी उठल्यापासून मोबाइलवर माहिती मागणारे निरोप. आज दुपारी बारापर्यंत ही माहिती, चारपर्यंत ती, फोटो टाका, लिंक भरा. जी माहिती यूडायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी संगणक नोंदीत आधीच भरलेली असते तीच पुन्हा वेगळ्या तक्त्यात. शिक्षक वर्गात उभा राहून डाळ शिजल्याचा फोटो काढतो, तेवढा वेळ चौथीचा वर्ग तसाच बसून राहतो. अधिकारी कार्यालयात बसून हे फोटो मोजतो. दोघेही दमतात, आणि मुलाचं वाचन कुणीच ऐकत नाही. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं असं केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाचं उद्दिष्ट २०२१ पासून आहे. उत्तम आहे. पण ते गाठलं की नाही हे कळायला कुणीतरी त्या मुलाशेजारी बसायला हवं. माझी खात्याकडे एकच मागणी आहे. आठवड्यातले निदान तीन दिवस तालुक्यातल्या प्रत्येक तपासणी अधिकाऱ्याला कार्यालयातून मोकळं करा, त्या दिवशी त्याच्याकडे एकही माहिती मागू नका, आणि तो कुठल्या शाळेत जाणार हे त्याच्याशिवाय कुणालाच कळू देऊ नका.

खातं हे करेल की नाही ते मी सांगू शकत नाही. पण इथं पालक आहेत, त्यांना त्याची वाट पाहायचं कारण नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, असं कायदाच सांगतो. बऱ्याच ठिकाणी ही समिती इतिवृत्तावर सह्या करण्यापुरती उरली आहे. पुढच्या सभेत तुम्ही शेरेबुक मागवा. अधिकारी शेवटचे कधी आले, शेऱ्यात एकाही मुलाचं नाव आहे का, ते वाचा. नसेल तर पंचायत समितीला समितीच्या सह्यांनी पत्र लिहा की आमच्या शाळेला भेट हवी, आणि ती वर्गात बसून हवी. तक्रारीचं पत्र नको, निमंत्रण लिहा. आणि ते येईपर्यंत समितीतल्या आयांनी आठवड्यातून एक दिवस दुसरीच्या वर्गात जाऊन बसावं. ज्यांना स्वतःला वाचता येत नाही त्यांनीही बसावं. मूल बोट एका ओळीवर ठेवून दुसरीच ओळ बोलतंय का, हे पाहायला वाचता यावं लागत नाही.